गॅसवरची कणसं

कणीस गॅसवर चढलं की मला स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागे. जे झालं ते त्या दारामुळंच झालं.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं: धूर नको, धूळ नको, वाकू नका, ओझं उचलू नका. आणि सोमवारच्या तपासणीपर्यंत मेंढरांच्या आसपास फिरकूसुद्धा नका. हे शेवटचं इतर कुठल्या पेशंटला सांगावं लागत नसेल. आमचे आबा जन्मभर मेंढरं राखणारे. कवठे महांकाळच्या पुढं माळावर आमची वस्ती आहे, आणि तिथली जमीन इतकी कोरडी, की आमच्यात म्हणतात, पाऊस आमच्याकडं पाहुणा म्हणून येतो आणि चहा न घेता जातो.

उजवा डोळा त्यांनी आधीच घालवला होता. त्याचंही ऑपरेशन नीट झालं होतं, अगदी छान झालं होतं. पण वस्तीवर गेल्यावर डोळा खुपायला लागला. मग त्यांनी तेच केलं, जे कोकराचा डोळा आला की आमच्यात करतात. मेंढीची धार तळहातावर घेतली आणि कोमट कोमट दूध डोळ्यात सोडलं. कोकराला उतार पडतो, मग माणसाला का नाही? डोळ्यात पू झाला. मला फोन आला तोवर उशीर झाला होता. "दुधानं कवा कुणाचं वाईट झालंय व्हय?" असं ते त्यानंतरही म्हणत राहिले, पण आवाज पडला होता.

म्हणून ह्या खेपेला त्यांना वस्तीवर जाऊच दिलं नाही. दवाखान्यातून थेट सांगलीत माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हा गेला तर मग अंधारच आहे, ताई." हे सांगताना ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जणू दूध मीच पिळणार आहे. मी शाळेतून रजा काढली, थेंबांच्या बाटल्या फ्रिजवर मांडल्या आणि पहाऱ्याला बसले.

पहारा म्हणजे काय, ज्यानं माळावर आयुष्य काढलं त्या माणसाला दोन खोल्यांत बसवून ठेवणं. सोपं नव्हतं. काळा चष्मा लावून आबा गॅलरीपासून दारापर्यंत चालत आणि दारापासून गॅलरीपर्यंत. भिंतीला हात लावत चालत. सोफ्यावर बसवलं तर पाय हलत राहत. टीव्ही लावायचा नाही, फोन बघायचा नाही. दिवस कसा घालवायचा ते त्यांना कळेना आणि मलाही कळेना. मी ओरडायची, "आबा, बसा की वाईच!" ते बसायचे. मी पाठ फिरवली की पुन्हा पावलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलंसुद्धा, वर काही काम काढलंय का म्हणून.

जेवण तर सुटलंच होतं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचं. आमटी नको, भाजी नको, दही आंबट आहे. मी चिडायची. माझा स्वभावच तसा आहे. काळजी वाटली की मी आधी रागावते, काळजी नंतर कधीतरी कळते. नवरा साताऱ्याला नोकरीला. तो शनिवारी येतो, आणि बाकीचे दिवस फोनवरून शहाणपण शिकवतो. तो म्हणाला, "त्यांना विचार तरी, काय खावंसं वाटतंय." विचारलं. आबा म्हणाले, "कणीस."

मला इतका आनंद झाला, की तशीच खाली गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाला कणसांची हातगाडी लागते. जत भागातली एक बाई आहे, पुलापलीकडं सांगलीवाडीत राहते आणि रोज तिकडून माल घेऊन येते. दसरा होऊन गेला होता, गावठी कणसं जून होत आली होती. म्हणून मी मॉलमधलं स्वीटकॉर्नचं पाकीट आणलं, स्वच्छ, सोललेलं, दाणे काढलेलं. आबांनी पाकीट हातात घेऊन चाचपलं आणि परत दिलं. "ह्ये न्हवं. पाल्यातलं आण."

पाल्यातलं आणलं. त्या दिवसापासून आमचा कणसांचा संसार सुरू झाला.

सकाळी मी त्यांचा हात धरून त्यांना खाली न्यायची, तेवढंच त्यांचं फिरणं. मी कणसं नखानं टोचून बघायची, आणि आबा त्या जतच्या बाईशी बोलत उभे राहायचे. दोघांचं मूळ एकाच कोरड्या मुलखातलं, पाव्हणेपणा कुठूनतरी लागलाच. वर आल्यावर कणीस सोलायचं काम आबांचं. त्याला डोळा लागत नाही. खुर्चीत ताठ बसून ते एकेक पदर असा हळू काढत, की जणू आत कुणी झोपलंय. तेवढा वेळ त्यांचे पाय हलत नसत. मग मी कणीस घेऊन आत जायची आणि दार लावून घ्यायची, कारण धूर.

गॅसवर कणीस भाजणं हे मी त्या दिवसांत शिकले. आमच्या वस्तीवर ते लेंड्यांच्या निखाऱ्यात ढकलायचं आणि विसरून जायचं. माझा नवरा वाईचा. पाचगणीच्या घाटातली कोळशावरची कणसं खाऊन वाढलेला. त्याच्या मते गॅसवर भाजलेल्याला कणीस म्हणूच नये. पण फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणायचे? पापड भाजायची जाळी मोठ्या बर्नरवर ठेवायची, आच मध्यम. कणीस आडवं ठेवून चिमट्यानं फिरवत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग दाणे पिवळे चकचकीत होतात, मग एखादा फट्कन उडतो आणि तिथून काळे ठिपके पडायला लागतात. इथं घाई करायची नाही, आणि मला तर घाईशिवाय काही करता येत नाही. आच वाढवली की वरून कोळसा आणि आतून कच्चं. सगळीकडून थोडंथोडं काळं झालं की उतरवायचं, ताटात उभं धरायचं आणि सुरीनं वरून खाली दाणे कापून घ्यायचे. ते पट्ट्यांनी सुटतात. त्यावर मीठ, लिंबू, हिरव्या मिरचीचा ठेचा बोटभर आणि चमचाभर तेल. पाव तासात तोंडी लावणं तयार. भाकरीबरोबर याच्यासारखं दुसरं काही नाही.

आबांना दात नावालाच. म्हणून त्यांच्यासाठी मी दाणे खलबत्त्यात जरा चेचून द्यायची. ते भाकरीच्या घासाबरोबर गिळायचे. चव कशी आहे विचारलं तर म्हणायचे, "झ्याक." आणि पाणी प्यायचे. ताट संपायचं. मला वाटलं, जिंकले.

फक्त त्या पाल्याचं काही कळत नव्हतं. सोललेला पाला ते मला देत नसत. "मी टाकतो," म्हणायचे. मग एकदा गॅलरीत झाडू मारताना कुंड्यांच्या मागं खताची रिकामी गोणी सापडली, आणि तीत सगळा पाला, रोजचा, नीट जुड्या करून ठेवलेला. खालचा वाळला होता, वरचा हिरवा. झुरळं व्हायची वाट बघत होतो का आम्ही? दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली, मी गोणी नेऊन ओल्या कचऱ्यात उपडी केली. आबांना सांगितलं. त्यांनी नुसता गोणीकडं हात केला, रिकामी गोणी घडी घालून पुन्हा कुंड्यांच्या मागं ठेवली, आणि म्हणाले, "उद्यापास्नं दोन कणसं आण. भूक वाढलीया." मी हसले. म्हातारपणी माणूस पोरासारखा होतो म्हणतात, तसं काहीतरी मनाशी म्हणाले. मास्तरीण ना मी, मला सगळं समजतं.

खरी धास्ती वेगळीच होती. दसरा झाला की आमची मेंढरं बाहेर पडतात. वस्तीवर चारा संपतो, मग मिरज, सांगली, आष्टा करत नदीच्या मुलखातून पश्चिमेला जातात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. हे आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आमच्या घरात त्याला एक रीत आहे. मेंढरं निघायच्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं म्होरक्या मेंढीला आपल्या हातानं हिरवा घास द्यायचा, मगच कळप हलायचा. माझ्या आज्यानं दिला, आबांनी आजवर दिला. यंदा आबा माझ्याकडं काळा चष्मा लावून बसले होते आणि घास माझ्या धाकट्या भावानं दिला. त्यानं फोन करून सांगितलं, तेव्हा मी स्पीकर बंद केला. आबांना कळलं तर ते रात्रीचं उठून चालायला लागतील अशी मला भीती होती.

पण त्यांना काय सांगायचं? कुठल्या तिथीला मेंढरं हलणार आणि कुठल्या मुक्कामाला कधी बसणार, हे त्यांना माझ्या पाढ्यांसारखं पाठ. ते एकदाच म्हणाले, "निघाली आसतील." मी म्हटलं, "मला न्हाई माहीत." ते "बरं" म्हणाले आणि गॅलरीकडं चालायला लागले.

त्या शनिवारी सकाळी भावाचा फोन आला. "आक्के, पूल वलांडलाय. आष्ट्याच्या रस्त्याला एका रानात बसवलीत, दुपार टळली की हलतो. आबांस्नी येऊन भेटू का?"

"आलास तर तंगडं मोडीन," मी म्हटलं. "तुझ्या अंगाला मेंढरांचा वास येतोय, त्यो आला की आबा हितं ऱ्हाणार न्हाईत. सोमवारपत्तुर कळ काढ. फोनबी करू नगस."

"त्यांची चुकामूक व्हतीया गं."

"व्हऊ दे. डोळा गेला तर काय करशील? दूध घालशील?"

त्यानं फोन ठेवला. आम्हां दोघांच्यात ते वाक्य काढायचं नाही असं न बोलता ठरलेलं होतं. मी काढलं. पण त्या दिवशी मला काहीही करून दुपार टळायला हवी होती. घड्याळ हलत नव्हतं. फडताळ आवरलं, पुन्हा विसकटलं, दूध उतू घालवलं. आबा मात्र त्या दिवशी शांत होते. एका जागी बसून होते. सकाळी खालून येतानाच म्हणाले होते, "आज तीन भाज. जावईबी येणार हायती." किती समजूतदार, असं मला वाटलं.

दुपारी त्यांनी तीन कणसं सोलून दिली. मी आत गेले, दार लावलं, चिमणी सुरू केली. ती चिमणी एवढी घरघरते, की बाहेर ढोल वाजले तरी कळत नाही. पहिलं कणीस झालं, दाणे काढले. दुसरं झालं. तिसरं एका अंगानं भाजत आलं होतं, तेव्हा ठेच्याचं विचारावं म्हणून मी दार किलकिलं करून हाक मारली. "आबा, तिखट कमी घालू का वाईच?"

खुर्ची रिकामी. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. चपला नव्हत्या.

गॅस बंद केला एवढं मला आठवतं. जिना कसा उतरले ते आठवत नाही. हातगाडीवरच्या बाईनं मला बघितलं आणि माझ्या तोंडाकडं बघून तिचंच तोंड उतरलं. "रिक्षात बसवून दिलं मी," ती म्हणाली. "आमच्या वळखीचाच रिक्षावाला हाय. सकाळी येताना मेंढरं दिसली, रोज इचारायचे म्हणून सांगितलं. तुमाला ठावं हाय म्हणाले."

तिला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर जाऊन तिची माफी मागितली.

दुसरी रिक्षा पकडून मी पुलाकडं निघाले. शनिवारची गर्दी, पुलावर उसाच्या ट्रॅक्टरमागं आम्ही गोगलगाईसारखे. माझ्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं: आबांचा तळहात, त्यात दूध. डोळा खुपतोय अशी ते आदल्या दिवसापासून कुरकूर करत होते. मी देवाला बोलावलं नाही, डॉक्टरला बोलावलं नाही, नुसती रिक्षावाल्यावर ओरडत होते.

रान रस्त्याला लागूनच होतं. ऊस तुटून गेलेला, मेंढरं पाचटात बसलेली, काही उभी. वर धुळीचा पडदा. आणि त्याच्या मधोमध आबा उभे होते, उघड्या डोक्यानं. मी माझ्या वडिलांना चारचौघांत पटक्याशिवाय कधी बघितलेलं नाही. पटका त्यांच्या तोंडावर होता. काळ्या चष्म्यावरून त्यांनी तो आवळून गुंडाळला होता, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत लालभडक पटका. एका हातात खताची गोणी होती.

भाऊ माझ्याकडं धावत आला. "म्या न्हाई बोलावलं, आक्के. रिक्षातनं उतरले तवाच आसं बांधलेलं. मला वाटलं, गेला, दुसराबी गेला." पोरगं रडत होतं.

मी मेंढरांतून वाट काढत गेले. आबांनी तोंडातल्या तोंडात म्होरकीला हाक दिली, जिभेनं टाळूवर वाजवतात तशी, आणि ती कळपातून त्यांच्याकडं आली. त्यांनी तिच्या कानावरून हात फिरवला, शिंगाशी चाचपलं, मान डोलावली. मग गोणीत हात घालून पाल्याची एक जुडी काढली, हिरवी, सकाळचीच, आणि तिच्या तोंडापुढं धरली. ती खायला लागली. मागची मेंढरं उठली.

तेव्हा मला कळलं, की माझे वडील इतके दिवस जून, चरचरीत, दातांना न झेपणारं कणीस का गिळत होते.

"आबा," मी म्हटलं. मला ओरडायचं होतं. मी नुसती त्यांची बाही धरली.

त्यांनी मान वळवली नाही. "आलीस व्हय. रागावू नगं. धूळ लागू दिली न्हाई, बघ. दूधबी न्हाई. डोळा मिटूनच हाय रिक्षापास्नं."

"मग आला कशाला? दिसत तर काय न्हाई."

"घास द्यायला दिसाय कशाला लागतंय?"

त्यांनी जुडीमागून जुडी काढली. वाळलेला पालाही कुणी सोडला नाही. हाताखालून एकेक मेंढी पुढं जात होती आणि ते तिच्या पाठीवर हात टेकून तिची ओळख सांगत होते. ही लंगडीची लेक, ही मागच्या पावसात मरता मरता वाचली ती, हिचा कान कुत्र्यानं तोडला. भाऊ "व्हय आबा, व्हय आबा" म्हणत होता. ह्या माणसानं भीत भीत ऑपरेशन करून घेतलं होतं ते कशासाठी, हे मला माहीत होतं. माझा फ्लॅट बघायला नाही. ही मेंढरं वाटेला लागताना त्यांना बघायची होती. आणि ती समोरून चालली होती, डोळ्यापासून हातभर लांब.

माझ्याच्यानं राहवेना. मी पदर पुढं धरला, त्यांच्या तोंडाभोवती आडोसा केला आणि म्हटलं, "आबा, एकडाव सोडा पटका. मी धूळ येऊ देत न्हाई. एक नजर बघा."

मी, डॉक्टरांपेक्षा कडक असलेली, मी हे म्हणाले. म्हणताना मला माझीच लाज वाटली नाही.

आबांनी माझा हात चाचपून धरला आणि खाली केला. "नगं," म्हणाले. "एक गेलाय. ती पावसाच्या तोंडावर माघारी येतील, तवा बघतो की."

मग त्यांनी रिकामी गोणी झटकली, तीही माझ्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. भावानं मेंढरं हाकली. खुरांचा आवाज आष्ट्याच्या दिशेनं जाईस्तोवर आबा तसेच उभे राहिले, तोंड त्या आवाजाकडं करून. पटका दोन्ही डोळ्यांखाली ओला झाला होता. दिसणाऱ्या डोळ्याखालीही आणि गेलेल्या डोळ्याखालीही.

घरी आलो तर नवरा दारात उभा. स्वयंपाकघरात करपल्याचा वास, जाळीवर एका अंगानं काळं आणि एका अंगानं कच्चं असं ते तिसरं कणीस. मी आबांचे हातपाय पुसले, थेंब घातले. डोळा नितळ होता. मी दोनदा बघितला. मग ताट वाढलं: भाकरी आणि चेचलेले दाणे, रोजच्यासारखे.

आबांनी दाण्यांची वाटी हातानं ओळखली आणि माझ्याकडं सरकवली.

"ह्ये तूच खा, बाय," ते म्हणाले. "मला कुठं दात हायती?"